अँटेना शेवटी घ्या, रीडिंग आधी घ्या



या आठवड्याचा व्हिडिओ इंडस्ट्रियल राउटरच्या अँटेनावर आहे. कनेक्टर कसे ओळखायचे, पाइपवर क्लॅम्प कसा बांधायचा, हे तिथे हातात घेऊन दाखवलंय. इथे मला वेगळं बोलायचंय, आणि ते थोडं कडू लागेल. आपल्याकडे अँटेना चुकीचा बसतो तो तंत्र कळत नाही म्हणून कमी, आणि आपल्या खरेदीच्या सवयीमुळे जास्त.

सवय कोणती? रेंज येत नाही, डेटा तुटतो, की आपण पहिला फोन लावतो आणि विचारतो, "मोठा अँटेना केवढ्याला?" समोरचा म्हणतो, "साहेब, पाच डीबीआयचा एवढ्याला, बाराचा एवढ्याला." आपण बाराचा घेतो. बारा म्हणजे पाचापेक्षा मोठा, विषय संपला. कोणीही शेडवर चढून रीडिंग घेतलेलं नसतं. मग महिन्याभरात तोच प्रॉब्लेम, आणि आता राउटर बदलायची चर्चा.

माझं मत सरळ आहे. अँटेना ही या कामातली शेवटची खरेदी असायला हवी. आधी रीडिंग, मग जागा, मग केबल, आणि मग अँटेना. हा क्रम उलटा झाला की पैसे पाण्यात.

यात एवढं काय अडलंय?

अडलंय. पूर्वी राउटर बंद पडला तर ऑफिसमध्ये मेल उघडायचा नाही, एवढंच. आता त्याच राउटरवर मशीनचा डेटा, सोलर इन्व्हर्टरचं युनिट, गावच्या पाणीपुरवठ्याचा पंप आणि कोल्ड स्टोरेजचा अलार्म चालतो. तासगावकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये शेतकऱ्यांचा बेदाणा महिनोन्‌महिने पडून असतो. तो माल स्टोरेजवाल्याचा नाही, विश्वासाने ठेवलेला आहे. रात्री दोन वाजता कॉम्प्रेसर ट्रिप झाला आणि अलार्मचा मेसेज गेलाच नाही, तर सकाळी उत्तर मालकाने द्यायचं असतं. अँटेना विकणारा तेव्हा समोर नसतो.

म्हणून हा विषय इलेक्ट्रिशियनवर सोडून देण्याचा नाही. मालकाला यातलं सगळं यायला हवं असं नाही, पण चार प्रश्न विचारता आलेच पाहिजेत.

डीबीआय म्हणजे ताकद नव्हे

पहिला गैरसमज इथे आहे. अँटेना स्वतः काही ताकद तयार करत नाही. त्याला वीज लागत नाही, आत मशीन नाही. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते. पाणी तेवढंच असतं, फक्त एका बाजूला एकवटतं. डीबीआयचा आकडा हे एकवटणं किती आहे ते सांगतो. एका दिशेला वाढलं म्हणजे दुसऱ्या दिशेला कमी झालंच.

आता सगळीकडे पसरणारा, म्हणजे ओम्नी अँटेना घ्या. त्याचा आकडा वाढला की सिग्नल आडवा लांब जातो, पण वर-खाली कमी होतो. चेंडूची चपाती होते म्हणा ना. वेअरहाउसच्या उंच छताखाली बारा डीबीआयचा ओम्नी लावला, तर लांबची भिंत मस्त दिसेल आणि बरोबर खाली उभ्या असलेल्या मुलाचा बारकोड स्कॅनर अडखळेल. तिथे कमी आकड्याचा अँटेनाच चांगला.

दुसरी गोष्ट, हा आकडा साध्या बेरजेसारखा चालत नाही. ३ डीबी वाढले की शक्ती दुप्पट, १० डीबी वाढले की दहापट. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की ६ डीबी जातात. एवढं तोंडपाठ ठेवा, कोटेशन वाचायला पुरतं.

तिसरी गोष्ट, आकडा मोठा असेल तर अँटेनाही मोठाच असणार. यातून सुटका नाही. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झला तरंगाची लांबी साडेबारा सेंटिमीटर. तिथे ८ डीबीआयचा ओम्नी साधारण हातभर लांबीचा असतो, आणि २४ डीबीआय हवे असतील तर जवळपास मीटरभर रुंदीची जाळीची डिश लागते. ९०० मेगाहर्ट्झला तरंग तेहतीस सेंटिमीटरचा, म्हणजे सगळं आणखी मोठं. तेव्हा पेन्सिलएवढ्या काडीवर '२५ डीबीआय' असं स्टिकर दिसलं, तर ते स्टिकर आहे, अँटेना नाही. दुकानातून बाहेर पडा.

जमाखर्च मांडा

आपण धंदेवाले लोक. जमाखर्च आपल्याला कळतो, तर तोच मांडू.

समजा तुम्ही ९ डीबीआयचा वायफाय अँटेना घेतला. राउटर खाली केबिनमध्ये, अँटेना शेडवर. मध्ये दहा मीटर केबल. विक्रेत्याने सोबत बारीक काळी केबल दिली, बाजारात तिला आरजी-५८ म्हणतात. २.४ गिगाहर्ट्झला ही केबल दर मीटरला ०.८ ते १ डीबी खाते. दहा मीटरला ८ ते १० डीबी. कनेक्टरचं वेगळं.

जमा ९. खर्च ८ ते १०. शिल्लक काय? भोपळा. राउटरसोबत फुकट आलेल्या छोट्या काडीचेही दोन-एक डीबीआय असतात. म्हणजे उंचीमुळे जो काही फायदा झाला तेवढाच, अँटेनाचे पैसे केबलने खाल्ले.

तीच दहा मीटर जाड एलएमआर-४०० केबल असती, तर खर्च सव्वादोन डीबीच्या आसपास. हो, ती महाग आहे, कडक आहे, वळवायला त्रास देते. तरीही अँटेना थोडा लहान घ्या आणि केबल चांगली घ्या, हा सौदा जवळजवळ नेहमी फायद्याचा ठरतो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे राउटरच वर न्या. पाणी न शिरणाऱ्या प्लास्टिक किंवा फायबरच्या बॉक्समध्ये राउटर अँटेनाजवळ बसवा आणि खाली साधी इथरनेट केबल आणा. त्याच केबलमधून वीजही पाठवता येते, तिला पीओई म्हणतात. फक्त तुमच्या राउटरला ती सोय आहे का ते आधी बघा. इथरनेट शंभर मीटरपर्यंत बिनघोर चालते. एक अट मात्र आहे. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडवरचा बंद बॉक्स भट्टीसारखा तापतो, त्यामुळे राउटरची तापमानाची मर्यादा वाचा आणि बॉक्स सावलीच्या बाजूला लावा.

जागा हीच खरी मशीन

एमआयडीसीतल्या बहुतेक शेड पत्र्याच्या. पत्रा सिग्नल अडवतो. आतल्या आणि बाहेरच्या रीडिंगमध्ये १५-२० डीबीचा फरक पडणं नवल नाही. आता तुलना करा. पाचाऐवजी बाराचा अँटेना घेऊन तुम्हाला कागदावर ७ डीबी मिळणार होते. तोच छोटा अँटेना पत्र्याच्या बाहेर नेऊन त्याच्या दुप्पट मिळू शकतात.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे लोखंडी पॅनलच्या आत राउटर आणि त्याच्या काड्याही आतच. दार बंद केलं की राउटर डब्यात कोंडला. टेस्टिंगच्या वेळी दार उघडं असतं म्हणून सगळं चालतं, आणि इंजिनिअर गेल्यावर दार लागतं. अशा ठिकाणी मॅग्नेट अँटेना पॅनलच्या डोक्यावर बाहेर ठेवा. खालचा लोखंडी पत्रा त्याला मदतच करतो, कारण तो अँटेना तशा पत्र्यावर बसण्यासाठीच बनलेला असतो. प्लास्टिकच्या टेबलावर ठेवला तर त्याचा अर्धा उपयोग गेला. आणि शक्यतो व्हीएफडी, मोठे कॉन्टॅक्टर, वेल्डिंग सेट यांच्यापासून लांब ठेवा.

दोन इमारतींमध्ये किंवा शेतातल्या पंपापर्यंत वायरलेस लिंक टाकणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. नुसतं 'दिसतंय समोर' पुरत नाही. सिग्नल दोरीसारखा सरळ जात नाही, मध्ये फुगतो. २.४ गिगाहर्ट्झची एक किलोमीटरची लिंक असेल तर मधोमध सरळ रेषेच्या खाली साधारण साडेतीन मीटर जागा मोकळी लागते. आपल्याकडे लिंक टाकली जाते उन्हाळ्यात, रान मोकळं असताना. मग ऊस दोन-दोन पुरुष उंच वाढतो आणि लिंक रडायला लागते. राउटर तोच असतो, अँटेनाही तोच. उभ्या पिकाची उंची धरून पाइपची उंची ठरवा.

रीडिंग म्हणजे नक्की काय

फोनवरच्या दांड्या मोजू नका. राउटरच्या स्टेटस पानावर दोन आकडे असतात, तेवढे वाचा.

पहिला आरएसआरपी. टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती पोचतो ते हा सांगतो. आकडा उणे असतो. उणे ८० किंवा त्याहून वर असेल तर उत्तम, उणे ९० च्या आसपास चालतं, उणे १०० च्या खाली काळजी, उणे ११० ला पोचलात तर लिंक कधीही तुटेल.

दुसरा एसआयएनआर. गोंगाटात तो आवाज किती स्वच्छ ऐकू येतो ते हा सांगतो. बाजारात कोणी ओरडून बोललं तरी शब्द कळत नाहीत, तसं. २० च्या वर उत्तम, १३ च्या वर चांगलं, शून्याच्या जवळ आलं की कठीण.

हे दोन आकडे एकत्र वाचले की निम्मे निर्णय आपोआप होतात.

- आरएसआरपी कमी असेल, तर जागा बदला, उंची वाढवा, केबल सुधारा. त्यानंतर अँटेनाचा विचार.
- आरएसआरपी चांगला पण एसआयएनआर खराब असेल, तर दोन-तीन टॉवर एकमेकांत मिसळताहेत. इथे एका दिशेचा अँटेना, म्हणजे पॅनल किंवा माशाच्या काट्यासारखा दिसणारा यागी, खरंच कामाला येतो. तो नको त्या टॉवरकडे पाठ फिरवतो.
- दोन्ही आकडे चांगले आणि तरी संध्याकाळी स्पीड पडतो? टॉवरवर गर्दी आहे. जगातला कुठलाही अँटेना ती गर्दी कमी करणार नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून बघा. खर्च एका रिचार्जचा.

ही शेवटची ओळ मी मुद्दाम ठळक सांगतो, कारण अँटेना विकणारा ती सांगणार नाही.

दोन सिम असतील तर सावधान

महत्त्वाच्या कामासाठी बरेच जण दोन सिमचा राउटर घेतात. एक कंपनी पडली की दुसरी. चांगला विचार आहे. पण मग त्यावर यागी लावतात आणि पहिल्या कंपनीच्या टॉवरकडे तोंड करून घट्ट बांधतात. दुसऱ्या कंपनीचा टॉवर गावाच्या दुसऱ्या टोकाला. ज्या दिवशी पहिली लाइन जाते, त्या दिवशी दुसरं सिम पाठमोऱ्या अँटेनावर बसलेलं असतं. पैसे दोन सिमचे भरले, भरवसा एकाचाच.

अशा ठिकाणी माझा कौल चांगल्या जागी बसवलेल्या ओम्नीला. थोडी स्पीड कमी मिळेल, पण अलार्म पोचेल. अलार्मच्या मेसेजला स्पीड किती लागते? दिशेचा अँटेना लावायचाच असेल, तर दुसरं सिम चालू करून, त्याच अवस्थेत रीडिंग घेऊन बघा.

छोट्या चुका, मोठे फटके

इथे पटापट सांगतो, व्हिडिओत सविस्तर आहे.

बँड बघा. आपल्याकडे ४जी ८५०, ९००, १८००, २१००, २३०० आणि २५०० मेगाहर्ट्झवर चालतं, ५जी मुख्यतः ३३०० च्या पुढच्या पट्ट्यात आणि जिओचं ७०० वरही. जुना '९००/१८००' चा जीएसएम अँटेना २३०० ला नीट चालेल याची खात्री नाही. कोटेशनमधला मोठा आकडा बहुधा सगळ्यात चांगल्या बँडचा असतो, तुमच्या बँडचा किती ते विचारा.

४जी राउटरला बहुतेक वेळा दोन अँटेनाची तोंडं असतात. दोन्ही वापरा, दोन्ही बाहेर न्या, दोन्हीची केबल सारख्या लांबीची ठेवा. एकच अँटेना घेऊन पैसे वाचवणं म्हणजे बैलजोडीतला एक बैल गोठ्यात ठेवून नांगरणं.

कनेक्टर डोळ्यांनी बघा. मोबाइल सिग्नलच्या तोंडाला बहुधा एसएमए असतो, वायफायला आरपी-एसएमए. दोघांचे आटे एकमेकांत बसतात, म्हणून घात होतो. एकात मधे पिन असते, दुसऱ्यात भोक. चुकीची जोडी लावली तर घट्ट बसूनही आत काही जुळत नाही, नाहीतर दोन पिना एकमेकींवर आपटून राउटरचं तोंडच खराब होतं.

पाऊस लक्षात घ्या. कनेक्टरवर नुसती काळी इन्सुलेशन टेप पहिल्या पावसाळ्यातच सोडते. स्वतःला चिकटणारी रबरी टेप आधी, तिच्यावर काळी टेप. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली एक झोल ठेवा, म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत जाणार नाही. कोकणपट्टीत साधे क्लॅम्प खाऱ्या हवेत गंजून जातात, स्टेनलेसचे घ्या.

वीज. वळवाच्या पावसात छतावरचा उंच पाइप म्हणजे विजेला आमंत्रण. अँटेना इमारतीच्या सगळ्यात उंच टोकावर नको, वीजरोधकाच्या खालच्या पट्ट्यात हवा. केबल आत शिरते तिथे सर्ज अरेस्टर, आणि त्याची अर्थिंग जाड, आखूड आणि इमारतीच्या मुख्य अर्थिंगला जोडलेली. स्वतंत्र खिळा ठोकून केलेली अर्थिंग नको.

आणि कोणी 'सिग्नल बूस्टर' लावून देतो म्हणाला तर नकार द्या. परवानगीशिवाय मोबाइल रिपीटर विकणं, बाळगणं आणि बसवणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे. असा बूस्टर आसपासच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडवतो, आणि चौकशी आली तर जागा तुमच्या नावावर असते. राउटरला बाहेरचा अँटेना जोडणं ही वेगळी गोष्ट आहे, कारण तो सिग्नल वाढवून पुन्हा फेकत नाही. वायफायवर मात्र मर्यादा आहे. २.४ गिगाहर्ट्झला अँटेना धरून एकूण ४ वॉटच्या वर जाता येत नाही, म्हणून मोठा अँटेना लावला की राउटरची पॉवर त्या हिशेबाने कमी करावी लागते.

आता दोष कोणाचा?

बसवणाऱ्या मुलांवर सगळं ढकलणं सोपं आहे. मला ते पटत नाही. आपण तीन कोटेशनं मागवतो आणि सगळ्यात खालचं उचलतो. ज्याने 'साइट सर्व्हे' म्हणून वेगळी रक्कम लिहिली, त्याला आपण विचारतो, "हे कशाला? बघायला येण्याचे पण पैसे?" पुढच्या वेळी तोही लिहित नाही. मग तो शेडवर चढतही नाही. अंदाजाने अँटेना निवडतो, सोबत स्वस्त केबल देतो आणि तासाभरात मोकळा होतो. दर आपणच तसा ठरवला, काम त्या दरासारखं झालं.

काही जण म्हणतील, "सर, पाच माणसांचा कारखाना आमचा, एवढं कुठे करत बसू?" मान्य, छोट्या धंद्यात प्रत्येक गोष्टीला वेळ नसतो. पण हे अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि एकदाच करायचं आहे. एक लॅपटॉप, राउटर, एक्स्टेंशन बोर्ड आणि वर चढायला पट्टा बांधलेला माणूस. चार जागी दहा-दहा मिनिटं राउटर ठेवून दोन आकडे वहीत लिहा. मशीन बंद असताना एकदा आणि सगळी शिफ्ट चालू असताना एकदा. बस.

आणि पुढचं कोटेशन मागवाल तेव्हा त्यात या तीन ओळी घाला.

१. अँटेना बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर, त्याच सिमवर, आरएसआरपी आणि एसआयएनआरचं लेखी रीडिंग द्यावं.
२. केबलचा प्रकार, लांबी आणि आमच्या बँडला होणारा डीबीतला तोटा लिहावा.
३. शेवटचा हप्ता सात दिवस लिंक चालल्यावर, पॅनलचं दार बंद असताना घेतलेलं रीडिंग बघून मिळेल.

त्याच्या बदल्यात सर्व्हेचे पैसे न कुरकुरता द्या. चांगला माणूस या अटींना घाबरत नाही, उलट त्याला बरं वाटतं की कोणीतरी कामाची किंमत ओळखली. जो घाबरतो, तो शेडवर चढणार नव्हताच.

या रविवारी कारखाना बंद असेल तेव्हा राउटरचं स्टेटस पान उघडा आणि ते दोन आकडे वहीत लिहा. सोमवारी सगळ्या मशीन चालू झाल्यावर पुन्हा लिहा. फरक दिसला तर अँटेनावाल्याला फोन करायच्या आधी व्हिडिओतला जागा निवडण्याचा भाग बघा.

भेटू पुढच्या आठवड्यात. धंदा सांभाळा, वर चढताना पट्टा बांधा.